‘तिथल्या’ पुळीसाठी ट्यूब मागण्याआधी

आमच्या मेडिकलमध्ये गर्दी ओसरली की एखादा ग्राहक हळूच म्हणतो, “खाली बारीक पुळ्या आल्यात, काहीतरी लावायला द्या.” कधी मोबाइलमधला फोटोही पुढे होतो. फोटो बघून औषध देणं आमचं काम नाही आणि आम्ही ते देत नाही. पण काउंटरवर चार माणसांत समजावून सांगणं तुम्हालाही अवघड आणि आम्हालाही. म्हणून हा कागद. घरी नेऊन निवांत वाचा.

आजार नसलेले दाणे

तरुण मुलं ज्याला सर्वांत जास्त घाबरतात, तो बहुतेक वेळा आजारच नसतो. शिश्नाच्या टोकाला जो गोल फुगीर भाग असतो, त्याच्या कडेने एका किंवा दोन ओळींत बारीक दाणे दिसतात. कातडीच्याच रंगाचे किंवा पांढुरके, साधारण १ ते २ मिलिमीटरचे, सगळे एकसारखे. दुखत नाहीत, खाजत नाहीत, महिनोन्महिने आहेत तसेच राहतात. वयात आल्यावर दिसू लागतात आणि पुढे वय वाढेल तसे फिके होत जातात. डॉक्टर त्यांना ‘पर्ली पेनाइल पॅप्यूल्स’ म्हणतात. हे संबंधांतून येत नाहीत, जोडीदाराला लागत नाहीत आणि अस्वच्छतेमुळेही होत नाहीत. हस्तमैथुनामुळे तर नाहीतच. हा प्रश्न मोठ्याने कोणी विचारत नाही, म्हणून इथेच सांगून टाकलं. कुठल्याही मलमाने ते जात नाहीत. लेझरने काढता येतात, पण तो दिसण्यापुरता खर्च आहे.

दुसरा प्रकार म्हणजे शिश्नाच्या दांड्यावर आणि अंडकोशाच्या पिशवीवर दिसणारे पिवळसर-पांढरे ठिपके. कातडी ताणली की जास्त स्पष्ट दिसतात. या नेहमीच्याच तेलग्रंथी. एरवी त्या केसाच्या मुळाशी असतात, इथे केसाविना असतात इतकंच. अनेकांच्या ओठांच्या कडेलाही असतात, तिथे कोणी लक्ष देत नाही. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जॉन फॉर्डाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ‘फॉर्डाइस स्पॉट्स’. नखाने दाबून फोडू नका. ते संपत नाहीत आणि जखम मात्र होते.

मध्यमवयानंतर पिशवीवर जांभळट-लाल ठिपके उठतात, खरवडले तर रक्त येतं. तेही सहसा निरुपद्रवी असतात, पण वारंवार रक्त येत असेल किंवा कमी वयातच भरपूर आले असतील, तर दाखवा. ब्लेड फिरवल्यावर केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या थोडे दिवस ब्लेड बंद ठेवलं की बहुधा बसतात.

डॉक्टरांना दाखवायलाच हवं ते

नवीन आलेलं, वाढत जाणारं, फुटणारं किंवा दुखणारं काहीही असलं की घरी तर्क करत बसू नका.

खडबडीत, वेड्यावाकड्या, कधी फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या वाढणाऱ्या चामखिळी एचपीव्ही या विषाणूमुळे येतात, बहुतेकदा त्याच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे. लागण झाल्यावर त्या दिसायला काही आठवडे ते कित्येक महिने, क्वचित वर्षंही लागतात. त्यामुळे आज उठलेल्या चामखिळीवरून घरात कोणावर संशय घेऊ नका. त्यावर चुना किंवा बिब्बा तर अजिबात नको. त्या नाजूक कातडीवर भाजल्याच्या जखमा होतात. कंडोमने धोका कमी होतो, पण त्याखाली न झाकलेल्या कातडीतून लागण होऊ शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लशीत ६ आणि ११ हे प्रकारही आहेत आणि ती ९ ते २६ वर्षांच्या मुलग्यांसाठीही मंजूर आहे. आधी आलेल्या चामखिळी मात्र लशीने जात नाहीत.

मधोमध खळगा असलेले गुळगुळीत दाणे हे ‘मोलस्कम’ या विषाणूमुळे होणाऱ्या आजाराचे असू शकतात. ते स्पर्शाने आणि एकाच टॉवेलने पसरतात. आग होऊन पाण्याचे फोड आले आणि फुटून जखमा झाल्या, तर नागीण वर्गातला हर्पिस असू शकतो. याउलट एकच, कडक बुडाची, न दुखणारी जखम सिफिलिसची असू शकते. ती काही आठवड्यांत आपोआप भरते आणि माणूस निश्चिंत होतो, पण आजार आत चालूच राहतो. रक्ततपासणीने तो कळतो आणि पेनिसिलिनने बराही होतो.

रात्री खाज वाढते, घरात आणखी कोणी खाजवतंय आणि शिश्नावर किंवा पिशवीवर लालसर गाठी आहेत? मग खरूज असण्याची शक्यता बरीच. डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिन क्रीम लिहून देतात. ते फक्त गाठींवर नाही, मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं असतं, तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. आठवड्याने पुन्हा एकदा. किडे मेल्यावरही गाठी काही आठवडे राहतात, म्हणून रोज क्रीम चोपडू नका.

पुढच्या कातडीखाली वारंवार लाली, पांढरा थर किंवा चिरा पडत असतील, तर आधी रक्तातली साखर तपासा.

ती ट्यूब आम्ही का देत नाही

‘तीन औषधं एकात’ असलेली ट्यूब बरेच जण नावाने मागतात. त्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती आवडते. पण आतला नायटा पसरतो आणि ओळखू येईनासा होतो, कातडी पातळ पडते. पिशवीची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कित्येक पट जास्त औषध शोषते. २०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पलीकडच्या दुकानात मिळते म्हणून आमच्यावर रागावलात तरी चालेल.

दाखवायचं त्वचारोगतज्ज्ञांना. फी परवडत नसेल किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जायची लाज वाटत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं मोफत असतात आणि माहिती गुप्त ठेवतात. एचआयव्ही-एड्सच्या माहितीसाठीचा १०९७ हा सरकारी हेल्पलाइन क्रमांकही मोफत आहे. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी. लैंगिक आजार निघालाच तर जोडीदारालाही तपासणीला न्या. चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आलात की औषध कसं लावायचं ते बाजूला घेऊन सांगू, नाव मोठ्याने पुकारणार नाही.