पूर ओसरल्यावर: घरी परतताना घ्यायची काळजी, पंचनामा आणि मदतीचा अर्ज

पाणी उतरले की चिखल काढायची घाई होते. त्याआधी घराला बाहेरून एक फेरी मारा. गोव्यातली कितीतरी जुनी घरे अजून मातीच्या भिंतींची आहेत. 23 जुलै 2021 च्या पुरात सत्तरी, डिचोली, धारबांदोड्यात अशी बरीच घरे कोसळली. भिजलेली भिंत पाणी असताना उभी राहते आणि पाणी उतरल्यावर खचते. भिंत फुगलेली, कललेली दिसली किंवा वासे सरकलेले दिसले, तर आत पाऊल टाकू नका. त्या रात्री नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रातच राहा.

मीटरपर्यंत पाणी चढले असेल तर ओल्या हातांनी मेन स्विचला हात लावू नका. वीज खात्याला 1912 वर कळवा. तुटलेली तार, अंगावर आलेले झाड यासाठी 101 किंवा 112. गॅसचा वास येत असेल तर दारे-खिडक्या उघडा, स्विच दाबू नका. लाकडांच्या ढिगात आणि कपाटामागे साप दडलेले असतात. विहिरीचे पाणी आरोग्य केंद्राने तपासून ब्लीचिंग पावडर टाकेपर्यंत प्यायचे नाही. चिखल काढताना गमबूट घाला. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगा, कारण लेप्टोस्पायरोसिस असाच होतो.

आता मदतीचे. साफसफाईआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेला भाग, छपराचे फुटलेले नळे, भिजलेले सामान, आणि एक फोटो घर क्रमांक दिसेल असा. पंचायतीला आणि तलाठ्याला लगेच कळवा, मामलेदार (तालुक्याचे महसूल अधिकारी) यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा घरातले कोणीतरी हजर हवे. सही करण्याआधी पंचनामा वाचा. घर ‘पूर्ण’ पडले की ‘अंशतः’, या एका शब्दावर रक्कम ठरते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022-23 ते 2025-26 साठीचे केंद्राचे निकष पाहिले तर हे कळते. सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये. अंशतः पडझड किमान 15 टक्के असेल तर पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000. गोठ्याला 3,000. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा फार बुडाले, तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500. अर्ज करतानाचे चालू दर मामलेदार कार्यालयात विचारून घ्या.

घराच्या मदतीसाठी याच निकषांत एक अट आहे: घर अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले हवे. आपल्याकडे गाडी नेमकी इथेच अडते. घरपट्टी आजोबांच्या नावावर, राहतात तीन भाऊ. किंवा घर मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) आणि जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), त्यामुळे एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर मालक म्हणून भलतेच नाव. अशा वेळी एकच कागद पुरवून भागत नाही. घरपट्टीची पावती, वीजबिल, रेशनकार्ड, आधार, पंचायतीचा रहिवासी दाखला, बँकेचे पासबुक, सारे जोडा. मुंडकार म्हणून नोंदणी झाली असेल तर ती प्रत सर्वांत वर ठेवा. 1975 च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिले आहे. ज्यांची नोंदणी अजून झालेली नाही त्यांनी पुढच्या पावसाची वाट पाहू नये. भावांनी मदत कोणाच्या खात्यात जावी हे आधी ठरवून सर्वांच्या सह्यांचे पत्र द्यावे. निधी आल्यावर भांडण काढले तर फाईल तिथेच पडून राहते, हे सांगताना वाईट वाटते.

कागदच वाहून गेले असतील तर अर्ज थांबवू नका. अर्जात तसे स्पष्ट लिहा आणि हरवल्याची तक्रार पोलिसांत द्या. एक-चौदाचा उतारा ऑनलाइन निघतो, आधारही पुन्हा काढता येते, विक्रीखताची प्रत उपनिबंधकाकडे मिळते.

भातशेती, पोफळी, केळी यांच्या नुकसानीचा अर्ज वेगळा. तो विभागीय कृषी कार्यालयात करायचा, शेतकरी नोंदणीचे कृषी कार्ड सोबत न्यायचे. जनावर दगावले असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून दाखला घ्या.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा.