सेल लॉक करण्याची उलटी रीत आली कुठून?

एक्सेलमध्ये सेल लॉक करायला गेलेला नवखा माणूस हमखास गोंधळतो. ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘प्रोटेक्शन’ उघडावं, तर ‘लॉक्ड’वर खूण आधीपासूनच असते, आणि तरी त्या सेलमध्ये काहीही टाइप होतं. शीट प्रोटेक्ट केल्याशिवाय ती खूण लागूच होत नाही. म्हणजे आधी भरायचे सेल अनलॉक करायचे, मग सगळ्या शीटला कुलूप घालायचं.

ही रीत एक्सेलच्याही आधीची आहे. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट अ‍ॅपल टू संगणकावर आलं, तेव्हा संगणक एकट्याचा होता. फॉर्म्युला खोडला गेलाच तर तो स्वतःच्याच हातून. १९८३ मध्ये लोटस १-२-३ हे दुसरं स्प्रेडशीट आलं आणि एकानं बांधलेली शीट फ्लॉपीवरून दुसऱ्याच्या टेबलावर जाऊ लागली. लोटसमध्ये प्रत्येक सेल मुळातच संरक्षित धरलेला असे, फक्त मुख्य बटण बंद. भरायच्या जागा मोकळ्या करून ते चालू करायचं. मला यात मोठा शहाणपणा दिसतो. हिशोबाच्या शीटमध्ये हातानं भरायचे सेल थोडे असतात. बाकी सगळे मथळे, दर आणि फॉर्म्युले. थोडे उघडणं सोपं, पुष्कळ झाकताना एखादा राहतोच.

तो एखादा काय करतो, ते आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या शीटमध्ये पाहिलं. थकबाकीवरच्या व्याजाच्या एका सेलमध्ये कुणीतरी फॉर्म्युल्यावरच ५०० लिहिलं. आकडा खरा वाटावा असाच होता. थकबाकी वाढत गेली, व्याज मात्र महिनोन्‌महिने ५०० वरच थांबलं, आणि बेरीज निमूटपणे जुळत राहिली.

पासवर्डचा इतिहास मात्र वेगळा आहे. जुनं एक्सेल शीटच्या पासवर्डचा जेमतेम सोळा बिटांचा ठसा (पासवर्डवरून काढलेला छोटा आकडा) ठेवत असे, त्यामुळे १,९४,५६० जुळण्या करून पाहणारा छोटा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा प्रोग्राम, मूळ पासवर्ड कळला नाही तरी चालणारा एखादा शोधून काढी. २०१३ च्या आवृत्तीपासून ठसा मजबूत झाला. पण एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची आजची फाइल, ही आतून झिपच असते, अनेक फाइलींचं गाठोडं. तिच्यातली प्रोटेक्शनची एक ओळ काढली की शीट मोकळी. पगाराचे आकडे लपवायला शीट-प्रोटेक्शनवर विसंबू नये, हे मी कळकळीनं सांगतो. त्यासाठी फाइल उघडण्यालाच पासवर्ड लावावा. तिथे मजकूर खरोखर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येत नाही.

२००६ मध्ये गूगलची स्प्रेडशीट आली आणि एकाच शीटवर अनेकांचे हात एकाच वेळी पडू लागले. तिथे आता कुठली रेंज, म्हणजे सेलचा कुठला गट, कोणी बदलायची, हे ईमेलवरून ठरवता येतं. नुसता इशारा देण्याचीही सोय आहे: टाइप करणाऱ्याला थांबवून विचारलं जातं, हवं असल्यास पुढे जाता येतं. आमच्या शीटमध्ये आता जमा रकमेचा कॉलम तेवढा खजिनदारांना खुला आहे, आणि व्याजाच्या कॉलमला कुलूप आहे.