अंधुक दीर्घिका आणि दहा दिवसांचे वादग्रस्त निरीक्षण : पार्श्वभूमी

जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पहिली निरीक्षणे हाती आली आणि काही दिवसांतच एका अंधुक ठिपक्याबद्दल दावा झाला, की त्याची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लाल बाजूला किती सरकला याचे माप; ते जितके जास्त तितकी वस्तू दूर) १६ च्या पुढे आहे, म्हणजे तो महास्फोटानंतरच्या पहिल्या २५ कोटी वर्षांतला आहे. पुढच्या वर्षी त्याचा वर्णपट, म्हणजे तरंगलांबींनुसार फोडलेला प्रकाश, मिळाला तेव्हा ताम्रसृती ४.९ भरली. धूळ आणि काही ठळक उत्सर्जन रेषा (ठरावीक तरंगलांबींवर उजळणारा प्रकाश) यांच्या मेळातून त्या दीर्घिकेला अतिदूरच्या दीर्घिकेचा रंग आला होता. ही केवळ घाईत झालेली चूक नव्हती, कारण असा घोळ या विषयात पहिल्यापासून आहे. एखादी दीर्घिका दूर असल्यामुळे अंधुक दिसते की मुळातच लहान आणि मंद आहे, हे नुसत्या छायाचित्रावरून कळत नाही, आणि दीर्घिकांच्या उत्क्रांतीचा अभ्यास गेली पन्नासएक वर्षे बऱ्याच अंशी हीच गाठ सोडवत आला आहे. १९९५ मधले हबल अवकाश दुर्बिणीचे दहा दिवसांचे निरीक्षण हा त्यातलाच एक टप्पा.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९३० च्या दशकात काचेच्या छायापट्टिकांवर दीर्घिका मोजल्या जात, त्या विश्वाची भूमिती ठरवण्यासाठी. दीर्घिका स्वतः बदलत असतील, ही शक्यता मोजमापातला अडथळा मानली जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका तरुण संशोधिकेने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की आतले तारे म्हातारे होतात तसा दीर्घिकेचा प्रकाश इतका बदलतो, की तिला प्रमाण दिवा, म्हणजे ठरलेल्या तेजाचा दिवा, मानून अंतरे मोजणे धोक्याचे ठरेल. ज्येष्ठांना हे रुचायला वेळ लागला, मात्र अभ्यासाचा विषय म्हणून उत्क्रांती पुढे आली ती तिथपासून.

छायापट्टिकांची जागा सीसीडींनी (प्रकाशाची इलेक्ट्रॉनिक नोंद करणाऱ्या चिपांनी) घेतल्यावर कोडे अधिक गडद झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरून २७ व्या प्रतीपर्यंतच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) दीर्घिका मोजल्या गेल्या आणि निळ्या प्रकाशात त्यांची संख्या अपेक्षेच्या कितीतरी पट भरली. साधा अर्थ असा निघत होता, की या फार दूरच्या, तरुण, तारे घडवत असलेल्या दीर्घिका असाव्यात. पण त्यांतल्या त्यात तेजस्वी दीर्घिकांचे वर्णपट घेतले तेव्हा त्या फारशा दूर निघाल्या नाहीत आणि बहुतेकांच्या ताम्रसृती एकच्या बऱ्याच आत राहिल्या. संख्या म्हणत होती की उत्क्रांती झाली, आणि अंतरे म्हणत होती की फारशी झाली नाही. ‘अंधुक निळ्या दीर्घिका’ हे नाव त्या काळच्या शोधनिबंधांत सतत भेटते. त्यातल्या ‘अंधुक’ या शब्दाचा अर्थ मात्र प्रत्येक गट आपल्या सोयीने लावत असे.

१९९५ चा निर्णय समजून घ्यायचा तर हे कोडे लक्षात ठेवावे लागते. हबल दुर्बिणीच्या एकूण वेळेचा काही भाग संचालकाच्या मर्जीवर राखून ठेवलेला असतो. एरवी तो लहानमोठ्या तातडीच्या प्रस्तावांना वाटला जाई. त्या वर्षी संचालकांनी त्यातला मोठा हिस्सा आकाशाच्या एकाच रिकाम्या भासणाऱ्या तुकड्यावर खर्च करायचे ठरवले. ज्यांच्याशी सल्लामसलत झाली त्यांच्यात एकमत नव्हते. एक आक्षेप व्यवहाराचा होता. सदोष आरशामुळे दुर्बिणीची जगभर नाचक्की झाली होती, १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दुरुस्ती केल्यावर कुठे ती सावरत होती, आणि अशा वेळी दहा दिवस कोऱ्या आकाशाकडे पाहून हाती काहीच आले नाही तर ती नाचक्की पुन्हा झाली असती.

दुसरा आक्षेप शास्त्रीय होता, आणि त्याची नंतर टवाळी झाली असली तरी तो पोकळ नव्हता. प्रसरण पावणाऱ्या विश्वात पसरट वस्तूचे पृष्ठतेज, म्हणजे आकाशातल्या तेवढ्याच क्षेत्रफळामागचे तेज, अंतरासोबत झपाट्याने घटते, इतके की ताम्रसृती ३ असेल तर ते २५६ पटींनी कमी होते. दूरच्या दीर्घिका आपल्या आसपासच्या दीर्घिकांएवढ्याच ऐसपैस असतील तर त्यांचा प्रकाश पार्श्वभूमीच्या उजेडात विरून जाणार, आणि मग हबलची तीक्ष्ण नजरही फारशी कामाची नाही. १९९० मध्ये, दुर्बीण अवकाशात गेली त्याच सुमारास, नामवंत शास्त्रज्ञांनी जवळपास हेच गणित मांडून म्हटले होते, की सर्वांत लांब निरीक्षणांतूनही दीर्घिकांची नवी जमात सापडणार नाही. गणित बरोबर होते. फसले ते गृहीतक, आणि ते फसले हे कळायला तेवढा वेळ खर्च करणे भागच होते. माझ्या मते या निर्णयाचे समर्थन एवढ्यावरच पुरेसे होते. नंतर आलेल्या सुंदर चित्राने ते सिद्ध झाले असे मानायचे कारण नाही.

जागा निवडताना आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, धूळ कमी, जवळपास ठळक तारा नाही आणि पृथ्वी आड न येता दुर्बिणीला सलग पाहता येईल, अशी सप्तर्षीतली चिमुकली चौकट घेतली. हात लांब करून बोटाच्या टोकावर रव्याचा कण धरला तर तो जेवढे आकाश झाकेल, साधारण तेवढी ती आहे. १८ ते २८ डिसेंबर १९९५ या काळात दुर्बिणीने पृथ्वीभोवती १५० प्रदक्षिणा घातल्या आणि अतिनीलपासून अवरक्ताच्या कडेपर्यंतच्या चार गाळण्यांतून (फिल्टरांतून) ३४२ छायाचित्रे घेतली. ती एकत्र केल्यावर सुमारे ३,००० दीर्घिका मोजता आल्या. त्यांतल्या सर्वांत फिक्या सुमारे ३० व्या प्रतीच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून काही अब्ज पटींनी मंद होत्या. आक्षेपाचे उत्तर चित्रातच होते. दूरच्या दीर्घिका ऐसपैस नव्हत्या. त्या लहान, घट्ट, गुठळ्यांसारख्या आणि अनेकदा वेड्यावाकड्या होत्या, म्हणून त्यांचे पृष्ठतेज अपेक्षेहून बरेच जास्त राहिले होते.

या चित्राइतकाच महत्त्वाचा ठरलेला निर्णय मात्र क्वचित आठवला जातो. एरवी निरीक्षण करणाऱ्याला वर्षभर माहिती स्वतःपाशी ठेवता येई. इथे निरीक्षण संपल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १५ जानेवारी १९९६ रोजी, सगळी प्रक्रिया केलेली माहिती सर्वांसाठी खुली झाली, आणि जगातल्या मोठ्या दुर्बिणी त्याच चौकटीकडे वळल्या. हवाईतल्या दहा मीटर दुर्बिणीने पुढच्या काही वर्षांत शंभराहून अधिक दीर्घिकांच्या ताम्रसृती मोजल्या. ज्यांचे वर्णपट घेता येत नव्हते त्यांच्यासाठी रंगांची युक्ती होती. हायड्रोजन ९१२ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या खालचा प्रकाश गिळतो आणि ताम्रसृतीमुळे ही सीमा लांब तरंगलांबीकडे सरकते, म्हणून ताम्रसृती ३ च्या आसपासची दीर्घिका अतिनील गाळणीत नाहीशी होते आणि पुढच्या गाळणीत ठळक दिसते. जी नाहीशी झाली ती दूरची, असा हा ठोकताळा वर्णपटांनीही उचलून धरला.

त्यातून १९९६ मध्ये विश्वातल्या ताऱ्यांच्या निर्मितीचा कालानुसार आलेख निघाला. आज मान्य असलेले त्याचे रूप असे आहे, की निर्मिती सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी कळसाला होती आणि त्यानंतर ती साधारण दहा पटींनी ओसरली. पहिल्या आलेखात दूरची बाजू फार खाली होती, कारण धुळीने लपवलेले तारे त्यात मोजलेच गेले नव्हते. १९९८ मध्ये त्याच चौकटीकडे ८५० मायक्रॉन तरंगलांबीवर, जिथे तापलेल्या धुळीचा प्रकाश दिसतो, पाहिले तेव्हा पाच स्रोत सापडले. त्यांतल्या सर्वांत तेजस्वी स्रोताच्या जागी हबलच्या चित्रात त्याची म्हणावी अशी दीर्घिकाच नव्हती. तिचे अंतर कळायला २०१२ उजाडले, आणि ताम्रसृती ५.१८ ठरली. वर्षाला शेकडो सूर्यांएवढे तारे घडवणारी दीर्घिका एकेकाळच्या सर्वांत सखोल चित्रात चौदा वर्षे ‘रिकामी जागा’ होती, ही गोष्ट त्या चित्राच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

पुढचा क्रम परिचित आहे. एकच चौकट फसवी असू शकते म्हणून १९९८ मध्ये दक्षिण आकाशात दुसरी चौकट घेतली गेली. मग २००३-०४ मध्ये आणखी सखोल निरीक्षण झाले, त्यात सुमारे १०,००० दीर्घिका आल्या. २००९ मध्ये नवा अवरक्त कॅमेरा बसला, आणि अखेर वेब दुर्बीण आली. आता ताम्रसृती १४ च्या पुढच्या दीर्घिकेचा वर्णपट हाती आहे. सुरुवातीच्या काळात अपेक्षेहून अधिक तेजस्वी दीर्घिका का दिसतात, हा वाद सध्या चालू आहे, आणि त्यात आकार, धूळ व कृष्णविवरे यांची तीच जुनी गुंतागुंत आहे.

कळसानंतरची ओहोटी कशामुळे लागली, या प्रश्नाचा एक धागा पुणे जिल्ह्यातल्या खोडदपर्यंत येतो. तारे वायूतून घडतात, पण दूरच्या दीर्घिकेतल्या अणुरूप हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा संकेत इतका क्षीण असतो, की एकेका दीर्घिकेचा तो पकडता येत नाही. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी सुमारे १०० तास निरीक्षण केले. अंतरे आधीच ठाऊक असलेल्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली गेली, आणि २०२० मध्ये आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या वायूचे वजन प्रथमच हाती आले. वायू भरपूर होता, पण तारे ज्या वेगाने घडत होते त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षेच पुरला असता. बाहेरून भर पडली नाही तर ओहोटी लागणारच, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्या ७,६५३ पैकी एकाही दीर्घिकेचा संकेत स्वतंत्रपणे दिसलेला नाही.