जनुकांचा पत्ता सांगणारे ग्रंथालय

सिकलसेल आजारास कारणीभूत ठरणारा डीएनएतल्या एका अक्षराचा बदल मानवी जनुकसंचात, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएत, नेमका कोठे आहे, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. अकराव्या गुणसूत्रावरील ५२,४८,२३२ वे अक्षर हे एक उत्तर आणि त्याच गुणसूत्रावरील ५२,२७,००२ वे अक्षर हे दुसरे. पहिला पत्ता २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संदर्भ जनुकसंचातला आहे, तर दुसरा २०१३ च्या सुधारित आवृत्तीतला. या चार वर्षांत कोणाच्याही शरीरातले जनुक जागचे हललेले नाही. संदर्भ म्हणून वापरल्या जाणाऱ्या अक्षरांच्या क्रमातल्या चुका दुरुस्त झाल्या, काही भाग नव्याने जोडले गेले आणि त्यामुळे पुढच्या सगळ्या अक्षरांचे क्रमांक सरकले. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत पृष्ठक्रमांक बदलतात, तसेच हे आहे. एका आवृत्तीचे क्रमांक असलेली फाईल दुसऱ्या आवृत्तीच्या फाईलशी जोडली, तर संगणक बहुतेक वेळा कोणतीही तक्रार करत नाही आणि चुकीचे उत्तर निमूटपणे हाती देतो.

आवृत्ती कोणती, हा प्रश्न ग्रंथपालाच्या अंगवळणी पडलेला असतो. जैवमाहितीशास्त्र, म्हणजे डीएनए, आरएनए आणि प्रथिने यांविषयीची प्रचंड माहिती संगणकाच्या साहाय्याने साठवण्याचे, शोधण्याचे आणि तिचा अर्थ लावण्याचे शास्त्र, विद्यापीठांच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयांत आले ते याच नात्याने. मुळात या माहितीचा पहिला मोठा संग्रह छापील पुस्तकच होता. अमेरिकन शास्त्रज्ञ मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तोवर ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले होते. पुढे अमेरिकेत १९८८ साली जैवतंत्रज्ञानविषयक माहितीचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, तेही राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा एक भाग म्हणूनच. आज जगभरातील संशोधक वापरतात तो जेनबँक हा क्रमसंग्रह आणि पबमेड ही शोधनिबंधांची सूची याच केंद्राकडे आहे. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने १९९० च्या दशकातच जीवशास्त्रात पीएच.डी. असलेल्या तज्ज्ञाची या कामासाठी नेमणूक केली, आणि २००२ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने रेणवीय जीवशास्त्राची स्वतंत्र माहितीसेवा सुरू केली.

अशा सेवेत येणारे प्रश्न वरकरणी साधे असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात ‘हर-टू’ या जनुकाचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. त्याच जनुकाला जुन्या निबंधांत ‘न्यू’ म्हटलेले आढळते आणि अधिकृत नामावलीत त्याचे नाव ‘ईआरबीबी-टू’ असे आहे. यांपैकी एकाच नावाने शोध घेतला, तर उरलेल्या नावांखाली झालेले काम निसटण्याचा धोका राहतो. एकाच लेखकाची टोपणनावे एका नोंदीखाली आणणे हे ग्रंथालयशास्त्रातले जुने काम आहे आणि जनुकांच्या बाबतीतही नेमके तेच करावे लागते. म्हणून प्रशिक्षित ग्रंथपाल संशोधकाला आधी जनुकाचा स्थिर ओळखक्रमांक शोधायला लावतात आणि मगच पुढच्या शोधाकडे वळवतात.

नावांचा घोळ किती दूर जातो, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. ‘सेप्ट-२’ आणि ‘मार्च-१’ अशी लघुनावे असलेली जनुके होती. एक्सेलच्या तक्त्यात ती टंकली की त्यांचे आपोआप २ सप्टेंबर आणि १ मार्च होत असे. २००४ सालीच शास्त्रज्ञांनी या धोक्याकडे लक्ष वेधले होते, तरीही २०१६ साली झालेल्या तपासणीत, एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० साली मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. जुन्या फाईली मात्र अजून वापरात आहेत, त्यामुळे त्या कशा उघडाव्यात आणि त्यांतली हरवलेली नावे कशी ओळखावीत, हे शिकवावेच लागते.

अशा ग्रंथालयांच्या कार्यशाळांमधला माझ्या मते सर्वांत उपयुक्त भाग ब्लास्ट या साधनाचा असतो. १९९० साली प्रसिद्ध झालेले हे साधन आपल्याजवळचा क्रम संग्रहातील कोणत्या क्रमांशी जुळतो, ते शोधते. प्रत्येक अक्षर प्रत्येक अक्षराशी ताडून पाहण्याऐवजी ते आपल्या क्रमाचे छोटे तुकडे करते, संग्रहात त्यांच्या जुळणाऱ्या जागा हेरते आणि तेथून दोन्ही बाजूंना जुळणी वाढवत नेते. उत्तराबरोबर एक आकडा येतो. इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळू शकेल, याचा तो अंदाज असतो, आणि तो संग्रहाच्या आकारावर अवलंबून असतो. संग्रह दुप्पट झाला की त्याच जुळणीचा आकडाही साधारण दुप्पट होतो. बटण दाबायला कोणीही दोन मिनिटांत शिकतो, पण हा आकडा वाचायला शिकवणारे माणूस समोर असावे लागते.

हीच गोष्ट संख्याशास्त्राची. प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० मानवी जनुके एकाच वेळी तपासली आणि प्रत्येकासाठी निव्वळ योगायोगाची शक्यता शंभरात पाचपेक्षा कमी असावी ही नेहमीची मर्यादा लावली, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसतानाही जवळपास १,००० जनुके ‘वेगळी’ दिसतील. असे फसवे निकाल टाळण्यासाठी आकड्यांत दुरुस्ती करावी लागते आणि ती कशी करायची ते कार्यशाळेत आर किंवा पायथन या संगणकभाषांच्या आधारे करून दाखवता येते.

साधनांच्या खर्चाचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण विश्लेषणाची काही सॉफ्टवेअर एकेका प्रयोगशाळेला परवडत नाहीत. नियतकालिकांची वर्गणी जशी ग्रंथालय सर्वांसाठी एकदाच भरते, तसा त्यांचा परवाना काही ग्रंथालये घेतात, आणि मग पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते साधन ज्येष्ठ प्राध्यापकाइतकेच खुले होते. ही समानता मला फार मोलाची वाटते.

मात्र ग्रंथालयाने साऱ्या प्रकल्पाचे विश्लेषण अंगावर घ्यावे, अशी अपेक्षा रास्त नाही. मोठ्या कामासाठी संख्याशास्त्रज्ञ आणि स्वतंत्र विश्लेषण केंद्रे लागतात. तेथे कोणता प्रश्न घेऊन जायचे, हे ठरवून देणे हीसुद्धा सेवाच आहे. अडचण अशी की पुष्कळ संशोधक प्रयोग संपल्यावर मदत मागायला येतात. रुग्णांचे सगळे नमुने एका दिवशी आणि निरोगी व्यक्तींचे सगळे नमुने दुसऱ्या दिवशी यंत्रातून गेले असतील, तर दिसणारा फरक आजाराचा आहे की त्या दिवसाचा, हे नंतर कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. दोन्ही गटांचे नमुने आधीच मिसळून घेतले असते तर तो प्रश्न सुटला असता, आणि तेवढे ठरवायला ग्रंथालयातली अर्ध्या तासाची भेट पुरली असती.