रोखपालाचं काम नेमकं कोणी घेतलं?

२७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेनं उत्तर लंडनमधल्या एन्फील्ड शाखेच्या भिंतीत नोटा देणारं यंत्र बसवलं. नोटा मोजून देणाऱ्या रोखपालाचे दिवस आता भरले, असं ते पाहून कुणालाही वाटलं असतं. पुढे घडलं ते निराळंच. अमेरिकेत एटीएम गल्लोगल्ली पोहोचली, तरी रोखपालांची एकूण संख्या घटली नाही, उलट थोडी वाढली.

अर्थतज्ज्ञ जेम्स बेसेन यांनी यामागचं गणित उलगडून दाखवलं. शहरी भागातल्या एका शाखेला १९८८ मध्ये सरासरी २० रोखपाल लागत, २००४ मध्ये १३ पुरू लागले. शाखा चालवणं स्वस्त झालं, म्हणून बँकांनी शहरांतल्या शाखा ४० टक्क्यांहून जास्त वाढवल्या. नोटा मोजण्यातून सुटलेला रोखपाल ग्राहकाशी कर्जाबद्दल, नव्या खात्याबद्दल बोलू लागला.

तंत्रज्ञानामुळे नोकऱ्या जात नाहीत, हे पटवायला ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि नेमकी इथेच थांबवली जाते. मला ते योग्य वाटत नाही, कारण तिचा उत्तरार्ध आहे. स्मार्टफोन आला, घरबसल्या पैसे पाठवता येऊ लागले, शाखा बंद होऊ लागल्या आणि २०१० नंतर अमेरिकेतल्या रोखपालांची संख्या घसरू लागली. एटीएमनं रोखपालाचं एक काम घेतलं होतं. फोनमुळे ग्राहकाला शाखेत यायचं कारणच उरलं नाही.

म्हणून ‘किती नोकऱ्या जाणार’ या प्रश्नाची उत्तरं इतकी वेगवेगळी येतात. ऑक्सफर्डचे संशोधक फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना मोठा धोका असल्याचं म्हटलं. ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या संघटनेसाठी २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात हाच आकडा ९ टक्क्यांवर आला. पहिल्यांनी अख्खा व्यवसाय धरला होता, दुसऱ्यांनी त्यातली कामं सुटी करून पाहिली. नोकरी ही कामांची मोळी असते, यंत्र त्यातल्या काही काटक्या ओढून घेतं.

कोणत्या काटक्या, हे मात्र आता बदलतंय. जुन्या संगणकाला प्रत्येक पायरी नियमात लिहून द्यावी लागे. माणसाला पुष्कळ गोष्टी जमतात, पण त्या कशा जमतात हे सांगता येत नाही. विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये हेच मांडलं होतं. ग्राहक खरंच चिडलाय की घाबरलाय, हे मुरलेल्या कर्मचाऱ्याला दोन वाक्यांत कळतं, पण त्याचा नियम त्याला लिहून देता येणार नाही. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता नियम मागतच नाही. हजारो उदाहरणं पाहून ती त्यांतली लकब उचलते.

२०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे फार महत्त्वाचा आहे. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचं काम त्यांनी तपासलं. ग्राहकाचा संदेश आला की कृत्रिम बुद्धिमत्ता कर्मचाऱ्याला पडद्यावर उत्तर सुचवी. ते घ्यायचं, बदलायचं की सोडून द्यायचं, हे कर्मचाऱ्यानं ठरवायचं. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती, तर अनुभवी मंडळींच्या कामात फारसा फरक पडला नाही. कारण उघड आहे: चांगल्या कर्मचाऱ्यांची बोलण्याची पद्धत जुन्या संभाषणांतून यंत्रानं उचलली आणि ती नवख्यांच्या हाती दिली.

नवख्याला पहिल्याच महिन्यात असा हात मिळणं ही फार चांगली गोष्ट आहे. पण हे शहाणपण ज्यांच्याकडून आलं, त्यांना त्याचं काय मिळालं? शिवाय उत्पादन बदललं, अनोळखी बिघाड समोर आला, की जुन्या संभाषणांत त्याचं उत्तर नसतं. ते पहिल्यांदा कुणीतरी माणूसच शोधतो आणि यंत्र पुढे तेच सगळ्यांना सुचवतं. मात्र तासाला किती तक्रारी सोडवल्या एवढंच मोजलं, तर उत्तर शोधण्यात अर्धा दिवस घालवणारा कर्मचारी मागे पडलेला दिसेल. त्याचा तो अर्धा दिवस पगारात आणि बढतीत धरला जाईल, हे कंपन्यांनी नोकरीच्या करारातच लिहून द्यायला हवं.