जुनी हातकडी घरी आणलीत? किल्ली लागेपर्यंत बंद करू नका

जुन्या बाजारात नाहीतर चोरबाजारात छान वजनदार हातकडी मिळाली, घरी आणली, आणि घरातल्या कोणीतरी बघू कशी बसते म्हणून मनगटात घातली, कट्‌ असा आवाज आला आणि आता निघत नाही. असे फोन आम्हा किल्लीवाल्यांना सारखे येतात, त्यातही रविवारी संध्याकाळी जास्त कारण बाजार रविवारचा.

आपल्याकडे ब्रिटिश काळातल्या ज्या हातकड्या मिळतात त्यात डार्बी प्रकारच्या बऱ्याच असतात, बर्मिंगहॅमच्या हायट कंपनीचा शिक्का असलेल्या. डार्बी बंद करायला किल्ली लागतच नाही, स्प्रिंगचा बोल्ट खाचेत बसतो की झालं. उघडायला मात्र पोकळ नळीची किल्ली लागते, नळीच्या आत आटे असतात, ते बोल्टच्या टोकावरच्या आट्यांवर चढतात आणि किल्ली फिरवत गेलं की बोल्ट मागे ओढला जातो. आता लोक काय करतात, भोकात खिळा, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड जे मिळेल ते घालून पिळतात. बोल्टचे आटे गेले की मग मूळ किल्ली सापडली तरी उपयोग नाही. आटे शाबूत असतील तर किल्ली एक-दोन दिवसात होते. आटे गेलेले असतील तर बोल्टच नवीन करावा लागतो, त्यात आठ-दहा दिवस आरामात जातात आणि खर्च तिप्पट होतो. बेड्यांतून सुटून दाखवणारा जादूगार हुदिनी साध्या डार्बी आपटून उघडायचा हे खरं आहे, पण आत गंज धरलेली स्प्रिंग तशी सुटत नाही, उलट कडीला तडा जातो, तेव्हा ते करून बघू नका.

हात अडकलाच असेल तर ओढू नका, साबणाचं पाणी लावून बघा. बोटं सुजली किंवा बधीर झाली तर आमची वाट न बघता अग्निशामक दलाला बोलवा, हातकडी तुटली तरी चालेल.

दातेरी पात्याच्या हातकड्याही तशाच किल्लीशिवाय बंद होतात. १९१२ साली अमेरिकेत पीअरलेस हातकडीचं पेटंट निघालं तेव्हापासून ज्या आल्या त्यात पातं फक्त पुढेच सरकतं आणि डबल लॉक (पातं पुढेही सरकू नये म्हणून लावायची दुसरी अडकण) केलेलं नसेल तर धडपड केली की आणखी आवळत जातं. ह्या हातकड्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

"फोटो पाठवतो, किल्ली बनवून कुरियर करा" असं खूपजण म्हणतात. तसं आम्ही करत नाही, राग मानू नका. जुनी डार्बी हाताने जुळवलेली असते, एकीची किल्ली दुसरीला बसेलच असं नाही, आणि फोटोत आट्यांचं माप कळत नाही. वस्तू दुकानात आणा, जोडीची दोन्ही कडी आणा, तुमच्यासमोर बघतो, बघण्याचे पैसे घेत नाही.

पायातल्या बेडीची किल्ली मागायला येतात त्यांनी आधी कडी नीट बघा. जोडावर रिव्हेट ठोकलेली असेल तर तिला कुलूपच नाही, कैद्याच्या पायात लोहार ती ठोकायचा आणि सुटकेच्या वेळी तोडायचा. अशी बेडी आम्ही उघडून देत नाही, उघडायची म्हणजे कापायची आणि तिचा इतिहास त्या रिव्हेटमधेच आहे. ही कोणाच्या तरी पायात वर्षानुवर्षं होती, निदान तेवढा मान राखूया. आणि "अंदमानची आहे असं लिहून द्या" हेही आम्ही करत नाही, नुसतं लोखंड बघून ते कोणालाच सांगता येत नाही. नवं लोखंड ॲसिडने गंजवून अंदमानची म्हणून विकलेलं मात्र आम्ही पाहिलंय, म्हणून घ्यायच्या आधी दाखवायला आणलीत तर बरं.

साफसफाईला ॲसिड नको, पॉलिश पेपर नको, ग्राइंडर तर नकोच, शिक्का पुसला की किंमत गेली. रॉकेलमधे भिजवून मऊ पितळी ब्रश, मग पातळ मशीन ऑइल, वरून मेणाचा हलका हात. आम्ही हे करून देतो, शिक्क्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढून देतो म्हणजे नंतर वाद नको.

अमेरिकेतल्या मुलाला पाठवायचीये असं सांगणाऱ्यांसाठी: १०० वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यासाठी पॅकिंग आम्ही करून देणार नाही.

येताना हातकडी उघडी असेल तर उघडीच आणा, मधे जाड कापड घालून सुतळीने बांधा म्हणजे पिशवीत आपोआप बंद होणार नाही.