नामाचा वाटा, क्रियापदाचा वाटा: लॅटिन धातुसाधितांची पार्श्वभूमी

लॅटिन शिकायला घेतलं की वर्षाच्या आत ज्युलियस सीझरशी गाठ पडते, आणि त्याच्या वाक्यात शिरण्याआधी उंबऱ्यातच पाय अडखळतो. गॉलच्या युद्धावरच्या त्याच्या वृत्तान्तातल्या पहिल्या भागातलं हे वाक्य बघा: ‘हिस रेबुस कोग्नितिस काएसार गालोरुम आनिमोस वेर्बिस कोन्फिर्माविट’. शब्द अवघड नाहीत. ‘हिस रेबुस’ म्हणजे या गोष्टी, ‘कोग्नितिस’ म्हणजे कळलेल्या. पुढे, सीझरने गॉल लोकांच्या मनांना शब्दांनी धीर दिला. अडचण अशी की ‘या कळलेल्या गोष्टी’ आपल्या पंचमीसारख्या एका विभक्तीत उभ्या आहेत आणि उरलेल्या वाक्याशी त्या कुठल्याच धाग्याने बांधलेल्या नाहीत. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी आधी ‘या गोष्टी जाणल्या गेलेल्या असताना’ असं काहीतरी जुळवतो आणि मग त्यातून अर्थ काढत बसतो. मराठीत विचार करणाऱ्याला एवढी यातायात नको. ‘हे कळल्यावर सीझरने गॉल लोकांना धीर दिला.’ झालं भाषांतर.

सीझरने साधं ‘हे जाणून’ असं का लिहिलं नाही, हा खरा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

‘कळलेला’सारख्या, क्रियापदापासून बनलेल्या ज्या रूपाला आपण धातुसाधित विशेषण म्हणतो त्याला ग्रीकांनी ‘मेतोखे’ म्हटलं, म्हणजे वाटा असणं, भागीदारी. ख्रिस्तपूर्व 100 च्या सुमाराला झालेल्या डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर एक छोटंसं ग्रीक व्याकरण आहे. त्यात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत आणि मेतोखे ही त्यातली एक स्वतंत्र जात. स्टोइक तत्त्वज्ञांना हे पटलेलं नव्हतं. ते ही रूपं क्रियापदातच धरत. रोमन लोकांनी ग्रीक शब्द अक्षरशः आपल्या भाषेत उतरवला: ‘पार्स’ म्हणजे वाटा, ‘कापेरे’ म्हणजे घेणं, त्यावरून ‘पार्तिकिपियुम’. इंग्रजीतलं ‘पार्टिसिपल’ तिथलंच, आणि स्पर्धेत ‘पार्टिसिपेट’ करणाऱ्या मुलांचा शब्दही त्याच घरातला. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन विद्वानाने तर सगळे शब्द चारच खणांत बसवले: विभक्ती असलेले, काळ असलेले, दोन्ही असलेले आणि दोन्ही नसलेले. तिसरा खण म्हणजे धातुसाधितं. इतकी नेटकी व्याख्या मला अजून दुसरीकडे सापडलेली नाही.

चौथ्या शतकात रोममध्ये डोनाटुस नावाचा शिक्षक होऊन गेला. मुलांसाठी त्याने प्रश्नोत्तरांच्या रूपात एक लहान व्याकरण लिहिलं आणि पुढची हजार वर्षं युरोपातली मुलं ते घोकत राहिली. छपाई आली तेव्हा गुटेनबर्गने अगदी सुरुवातीला जे छापलं त्यात डोनाटुसही होता. धातुसाधिताला नामाकडून लिंग आणि विभक्ती मिळते, क्रियापदाकडून काळ, आणि वचन दोघांकडून, अशी तो वाटणी करून देतो. उदाहरणाला त्याने ‘वाचणे’ हा धातू घेतला: लेगेन्स, लेक्तुरुस, लेक्तुस, लेगेन्दुस. आता हे मराठीत म्हणून बघा: वाचत असलेला, वाचणार असलेला, वाचलेला, वाचायचा. चौथ्यासाठी इंग्रजीला चार-पाच शब्दांची मोळी बांधावी लागते, आपल्याकडे ‘वाचायचा’ हा एकच शब्द पुरतो. संतचरित्रं ही ‘वाचायच्या गोष्टी’, लेगेन्दा. ‘लेजेंड’ हा शब्द तिथून आला. सोसायटीच्या सभेचा ‘अजेंडा’ही त्याच साच्यातला: करायच्या गोष्टी. पुढे 500 च्या आसपास कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिस्कियनने अठरा खंडांचं व्याकरण लिहिलं आणि त्यातला अकरावा खंड या एका विषयाला दिला.

पण डोनाटुसची ही चार रूपं नीट मांडली की दोन जागा रिकाम्या दिसतात. चालू काळात कर्मणी रूप नाही आणि भूतकाळात कर्तरी रूप नाही. ग्रीकमध्ये दोन्ही होती. ‘कोग्नितुस’चा अर्थ ‘कळलेला’ एवढाच. ‘ज्याला कळलं आहे असा’ हा अर्थ त्यातून निघत नाही. म्हणजे ‘हे जाणलेला सीझर’ म्हणायची सोयच नव्हती. मग वाक्य उलटं फिरवायचं, गोष्टींनाच ‘कळलेल्या’ करायचं आणि तो सगळा तुकडा पंचमीत घालून बाजूला ठेवायचा. सीझरचा हा लाडका साचा म्हणजे बऱ्याच अंशी भाषेतल्या रिकाम्या जागेवर टाकलेली फळी आहे.

ही रिकामी जागा सर्वांत जास्त जाचली असेल ती ग्रीकमधून लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांना. डोनाटुसचाच विद्यार्थी जेरोम हा ख्रिस्ती धर्मपंडित. पोप डमॅससच्या सांगण्यावरून 382 नंतर त्याने बायबलमधल्या शुभवर्तमानांची जुनी लॅटिन भाषांतरं ग्रीकशी ताडून दुरुस्त केली. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात ज्ञानी लोकांना तारा दिसतो आणि ते आनंदून जातात. ग्रीकमध्ये तिथे ‘इदोन्तेस’ आहे: तारा पाहिला आणि मग आनंद झाला. लॅटिनमध्ये ते झालं ‘विदेन्तेस’, म्हणजे शब्दशः ‘पाहत असलेले’. भूतकाळी कर्तरी रूपच नसल्यामुळे चालू काळाच्या रूपावर भागवावं लागलं. मराठीत नुसतं ‘पाहून’ म्हटलं की पौर्वापर्य आपोआप येतं. आपलं ऊनान्त रूप ग्रीकच्या इथे जास्त जवळ जातं, लॅटिनपेक्षाही.

1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं आणि 1816 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉपने क्रियापदांची रूपं शेजारी शेजारी ठेवून ते नातं तपासलं. धातुसाधितांत ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. संस्कृत ‘भरन्तम्’, लॅटिन ‘फेरेन्तेम्’. दत्त आणि दातुस, युक्त आणि युन्क्तुस, मृत आणि मोर्तुउस. ‘सूर्ये अस्तं गते’, म्हणजे सूर्य मावळल्यावर, ही सति सप्तमी शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल; सीझरची पंचमी ही तिची बहीण, ग्रीकमध्ये त्याच कामाला षष्ठी येते. म्हणून लॅटिन शिकणाऱ्या मराठी माणसाला मी आधी सति सप्तमी आठवायला सांगेन आणि इंग्रजी नियम मग.

आणखी एक साम्य तर घरातल्या बोलण्यात आहे. ‘वाचलेलं पुस्तक’मध्ये पुस्तक वाचलं गेलं, ‘आलेला पाहुणा’मध्ये पाहुणा स्वतः आला. सकर्मक धातूला -लेला लागला की अर्थ कर्मणी होतो, हा सर्वसाधारण नियम. तरी आपण ‘शिकलेला माणूस’ म्हणतो, ‘जेवलेला’ म्हणतो, ‘प्यायलेला’ म्हणतो, आणि ‘प्यायलेला’ म्हणजे कोणी गिळून टाकलेला माणूस असं कुणाच्या मनात येत नाही. लॅटिनमध्येही अपवाद नेमके इथेच येतात: ‘केनातुस’ म्हणजे जेवलेला, ‘पोतुस’ म्हणजे प्यायलेला, आणि तोही दारूच. संस्कृत व्याकरणपरंपरेत ‘पीता गावः’, पाणी प्यायलेल्या गाई, हे उदाहरण येतं. खाण्यापिण्याच्या क्रियापदांत कर्ता असा पुढे सरसावतो, तीन भाषांत, हे पाहून मला दरवेळी आनंद होतो.

लॅटिन व्याकरणाचा साचा आपल्या किनाऱ्याला लागला तो गोव्यात. थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याने कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये, लॅटिन चौकटीत लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं. 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं, आणि इंग्रजी व्याकरणाचा साचा मराठीत रुजला. शाळेत पाठ केलेल्या ‘शब्दांच्या आठ जाती’ त्या वाटेने आल्या. फरक एवढाच की लॅटिनच्या आठांत धातुसाधिताला मानाची जागा होती आणि विशेषण नामाच्या पोटात होतं. मधल्या काळात युरोपीय व्याकरणांनी विशेषण वेगळं काढलं आणि धातुसाधिताला क्रियापदाच्या घरी परत पाठवलं. आपल्याला यादी मिळाली ती या अदलाबदलीनंतरची. धातुसाधितासाठी आपण वापरतो तो ‘कृदन्त’ हा शब्द मात्र पाणिनीच्या घरचा.

मराठीची सोय सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. धातुसाधिताचा काळ हा मुख्य क्रियापदाच्या मानाने मोजायचा असतो, आणि तिथे आपला -णारा घात करतो. ‘लिहिणारा’ आत्ता लिहितोय की पुढे लिहिणार आहे? ‘येणारी गाडी’ कधीची? लॅटिनमध्ये लेगेन्स वेगळा, लेक्तुरुस वेगळा. इ. स. 52 मध्ये फ्युसिनस सरोवरावर सम्राट क्लॉडियससमोर नकली आरमारी लढाई ठेवली होती. लढणारे शिक्षा झालेले कैदी. स्वेटोनियस सांगतो की त्यांनी ओरडून म्हटलं, ‘मोरितुरी ते सालुतान्त’. ‘मरणारे तुला वंदन करतात’ हे भाषांतर म्हणूनच लंगडं. ‘मरायला निघालेले’ म्हटलं की ‘मोरितुरी’ पोचतो, कारण या रूपात होणार असलेलं आहे, ठरून गेलेलं नाही. क्लॉडियसने उत्तर दिलं, ‘आउट नोन’: किंवा नाहीही. कैद्यांनी ते ‘मोरितुरी’ला जोडलं, माफी मिळाली असं धरलं आणि लढायला नकार देऊन उभे राहिले.